पाच मिनिटं थांब

बोट धक्क्याला लागायच्या आधीच शीतल उठून उभा राहिला. पाठीवर अवजड सॅक, डोक्याला गुंडाळलेला पंचा, आणि दोन्ही हातांनी कठडा घट्ट धरलेला. समोर हिरवागार डोंगर होता, पायथ्याला नारळी, आणि नारळींच्या पुढं पांढऱ्या वाळूची बारीक रेघ.

"चल की लेका, मागचे लोक ढकलायला लागलेत," मी म्हणालो.

"थांब. नीट बघू दे."

"आठ दिवस इथंच आहेस. बघशील सावकाश."

"सावकाशच बघायलोय," तो म्हणाला. भिंतीला रंग देणारा ब्रश ओढतो तशी त्यानं मान डावीकडून उजवीकडं हळूहळू नेली, आणि मग तशीच परत आणली. शेजारून जाणाऱ्या एका गोऱ्या बाईची सॅक त्याच्या खांद्याला लागली. तो दचकलाच. ती इतकी जवळ आलेली त्याला कळलंच नव्हतं.

तिसरा आमचा तौफिक. तो आमचे पासपोर्ट कमरेच्या पिशवीत आहेत ना, हे सकाळपासून चौथ्यांदा चाचपून बघत होता. दारू न पिणारा, लवकर झोपणारा आणि सगळ्यांची काळजी वाहणारा असा एक माणूस प्रत्येक टोळक्यात असतो. आमच्यात तो होता.

ही गोष्ट फेब्रुवारी २०११ मधली. आम्ही तिघं इचलकरंजीचे, पाचवीपासून एका बाकावरचे, तेव्हा सत्तावीस वर्षांचे. बेटाचं नाव फंगान. थायलंडच्या आखातातल्या या बेटावर दर पौर्णिमेला किनाऱ्यावर हजारो पोरंपोरी रात्रभर नाचतात असं शीतलनं कुठंतरी वाचलं होतं आणि त्यानं सहा महिने आमच्यामागं लकडा लावला होता. त्या काळात आमच्या गावात थायलंडला निघालो म्हटलं की लोक एक डोळा बारीक करून हसायचे, म्हणून घरी आम्ही 'सिंगापूरच्या बाजूला' एवढंच सांगितलं.

माझं लग्न ठरलं होतं, मेचा मुहूर्त होता. होणाऱ्या बायकोला मी फोनवर म्हणालो, मी, तौफिक आणि शीतल असे तिघं जाणार आहोत. त्यानंतर ती दोन दिवस बोललीच नाही. ती नाशिकची. आमच्याकडं जैन घरांत शीतल हे पोराचं नाव असतं हे तिला कुठून माहीत असणार. शेवटी शीतल चौगुले स्वतः आपल्या भसाड्या आवाजात तिच्याशी बोलला, तेव्हा कुठं ती हसली.

"लग्नानंतर जाऊ की रे सगळे मिळून," असं मी त्याला म्हणून बघितलं होतं.

"जायचं तर आत्ताच," तो म्हणाला होता. "मेनंतर तू आमचा राहणार नाहीस." मला ते कारण पटलं. दुसरं काही असेल असं डोक्यातसुद्धा आलं नाही.

आम्ही उतरलो ती जागा बेटाच्या वायव्य टोकाला होती. लाकडी खोल्या, पुढं व्हरांडा, व्हरांड्यात दोन खांबांना बांधलेली झोळी. मालकीण पन्नाशीची, बुटकी, सगळे तिला पी नोई म्हणायचे. पी म्हणजे ताई, तसं आम्हीही म्हणायला लागलो. खोल्यांपुढच्या खाडीत समोरच एक छोटंसं बेट होतं, झाडी आणि खडकांचं. ओहोटी लागली की मधून वाळूची वाट वर यायची आणि त्यावरून चालत दहा मिनिटांत पलीकडं जाता यायचं. पी नोईनं पहिल्याच दिवशी मोडक्या इंग्रजीत आणि हातवाऱ्यांनी सांगितलं, "पाच वाजता परत. नंतर पाणी. वाट नाही."

ते दिवस आठवले की अजून अंगावर ऊन पडल्यासारखं वाटतं. सकाळी झोळीत पडून कापलेला आंबा खायचा, तिखट लावून. भाड्याच्या स्कूटरवरून डोंगरावर जायचं, धबधब्याखाली बसायचं, वाटेत नारळपाणी. जर्मन, ब्राझिलियन, कोरियन अशी पाठीवर घर घेऊन फिरणारी पोरं भेटायची, दोन तासांची दोस्ती व्हायची. आम्ही कधी नव्हे ते मोठ्यानं हसत होतो. माझ्या बापाचे चोवीस यंत्रमाग मेनंतर माझी वाट बघत होते. ते तिथं गेल्यावर मी साफ विसरून गेलो होतो.

फक्त शीतलचं तंत्र मला कळेना. तो पहाटे साडेपाचला आम्हाला उठवायचा. सूर्य उगवताना बघायचा, एकही दिवस चुकवायचा नाही. एकेका गोष्टीपुढं उभा राहिला की हलायचा नाही. पी नोईच्या अंगणातल्या कोंबड्याकडं तो एकदा पाच मिनिटं बघत होता. आणि दिवस कलायला लागला की त्याची घाई सुरू. साडेपाचच्या आत खोलीवर पोचलंच पाहिजे. स्कूटरला तर त्यानं हातही लावला नाही, कायम मागं बसायचा.

"आईला शब्द दिलाय," तो म्हणायचा. "दिवस मावळायच्या आत जेवणार म्हणून."

"तू? कॉलेजात रात्री बारा वाजता स्टँडवर अंडाभुर्जी खाणारा?"

"माणूस सुधारतो रे."

 तौफिक उठून त्याच्यासाठी भात सांगायचा.

हा तोच शीतल, ज्याच्याशिवाय आमच्या मंडळाची गणपतीची मिरवणूक हलायची नाही. हलगी वाजली की पहिला तोच रिंगणात. आणि इथं, जिथं नाचायलाच आलो होतो तिथं, तो संध्याकाळी झोळीत पडून राहायचा. तिसऱ्या दिवशी मी त्याला जवळजवळ ओढतच किनाऱ्यावरच्या एका बारमध्ये नेलं. वाटेत तो माझ्या खांद्यावर हात ठेवून चालत होता. वाट खडकाळ होती, मला ते अडचणीचं होत होतं.

"सोड की मर्दा, लगीन लागल्यासारखा काय धरून चालायलायस," मी म्हणालो. त्यानं हात काढला, हसला, आणि तौफिकच्या बाजूला गेला.

बारमध्ये लहान पोरं वाळूत खेळतात तसल्या प्लास्टिकच्या बादल्यांतून दारू मिळायची, नळ्या घालून. तिथं मला पाओला भेटली, चिलीची, दोन स्पॅनिश पोरांबरोबर फिरणारी. ती मला तिच्याकडचा नाच शिकवत होती. शीतल एका बल्बच्या खाली उभा राहून नाचत होता, दोन फुटांच्या गोलात, बाहेर पाऊल टाकायचा नाही. मग कोणीतरी त्याला ओढलं आणि तो सरळ एका टेबलावर जाऊन आदळला. बादल्या उलटल्या. एका धिप्पाड माणसानं त्याची गचांडी धरली. मी मध्ये पडून माफी मागितली, एकदा नाही, दहादा.

"किती प्यालायस?" मी त्याला बाजूला घेऊन विचारलं.

"दोन घोट."

"खोटं बोलू नको. घालवलीस सगळी. पचत नाही तर पितोस कशाला? गाढवासारखा चालायलायस आणि निस्तरायचं मी." असं आणखी बरंच बोललो, मराठीत, त्यामुळं मोकळेपणानं. तो ऐकून घेत होता, आणि मला चीड आली ती याची की तो मध्येच हसला. तौफिक त्याला खोलीवर घेऊन गेला. मी राहिलो.

पाचव्या दिवशी तौफिकचं पोट बिघडलं. तो खोलीवर थांबला आणि आम्ही दोघं दुपारी वाळूच्या वाटेनं समोरच्या बेटावर गेलो, डोळ्यांवर काच आणि तोंडात नळी लावून प्रवाळ बघायला. निघताना तौफिक मला म्हणाला, "साडेपाचच्या आत त्याला घेऊन ये." मी हो म्हणालो. पौर्णिमा तीन दिवसांवर होती. आणि त्या संध्याकाळी डोंगरावरच्या एका बारमध्ये पाओलाच्या टोळक्यानं मला बोलावलं होतं, तसं मी तौफिकलाही बोललो होतो. सूर्य मावळताना तिथं नाच सुरू होतो, तिकडं जाणारी पिकअप गाडी सहाला सुटणार.

शीतल दोन तास पाण्यात होता. मध्येच डोकं वर काढायचा.

"सुज्या, एक मासा आहे, निळा. आणि कडेला पिवळी किनार, इरकलीच्या काठासारखी. ये, दाखवतो."

मी बघितला. मासा होता.

सव्वापाचला मी म्हणालो निघू. तो म्हणाला पाच मिनिटं. साडेपाचला पुन्हा पाच मिनिटं. पावणेसहाला वाळूच्या वाटेवरून पाण्याचा पातळ पदर सरकायला लागला होता आणि तो खडकापलीकडं पुन्हा बुडी मारायच्या बेतात होता. रोज ज्याला साडेपाचची घाई, तो आज ऐकेना. माझा तोल गेला.

"चार दिवस सगळं तुझ्याच तंत्रानं चाललंय," मी म्हणालो. "पहाटे उठा म्हटलं, उठलो. दिवस मावळला की खोलीत बसा म्हटलं, बसलो. तू आणलंस म्हणून आलो ना इथं? मग एक संध्याकाळ मला जगू दे की."

"आज पाणी लई स्वच्छ आहे रे. असं परत बघायला मिळायचं नाही," तो म्हणाला. "एकदाच जातो. मग तू म्हणशील तिकडं."

तो गेला. मी पिशवी खांद्याला लावली आणि चालायला लागलो. पाणी घोट्यापर्यंत होतं. वीसेक पावलं गेलो असेन, तेव्हा मागून त्याचा आवाज आला.

"सुज्या, पाच मिनिटं थांब. मला इथं एकट्याला सोडून जाऊ नको."

मला ते स्पष्ट ऐकू आलं. मी वळलो नाही. मनात म्हणालो, लहान पोर आहे काय, समोर दिसतोय किनारा.

डोंगरावरचा तो बार म्हणजे कड्यावर बांधलेला लाकडी ओटा होता. खाली सगळा समुद्र तांबडा झाला होता. पाओलानं हात केला. मी नाचलो, आणि बरा नाचलो. सूर्य गेला, दिवे लागले, चंद्र आधीपासूनच वर होता. तास गेला असेल. मग गर्दीतून मला तौफिक येताना दिसला. लुंगी, बनियन, पायांत काही नाही.

"शीतल कुठाय?" त्यानं विचारलं.

"खोलीवर. का?"

"खोलीवर नाही. तू कुठं सोडलास त्याला?"

"अरे, समोरच्या बेटावरच होता, पोहत होता. येईल की. चांदणं आहे एवढं."

तौफिकनं माझा शर्ट छातीपाशी धरला. इतक्या वर्षांत त्यानं कोणावर हात टाकलेला मी बघितला नव्हता.

"त्याला दिसत नाही, सुज्या," तो म्हणाला. "दिवस मावळला की त्याला काहीसुद्धा दिसत नाही."

उतारावरून स्कूटर तो चालवत होता आणि मागं वळून ओरडून सांगत होता. मिरजेला ऑगस्टमध्ये तपासणी झाली होती, तौफिकच बरोबर गेला होता. डोळ्याच्या पडद्याचा आजार. "आधी रात्रीचं जातं. मग कडेचं जातं. शेवटाला मधलं. दिवसासुद्धा आता त्याला नळीतून बघितल्यासारखं दिसतंय. चाळिशीपर्यंत राहील ते राहील, म्हणाले डॉक्टर. म्हणून आणलंय त्यानं आपल्याला इथं. बघून घ्यायचं होतं त्याला."

"मला का सांगितलं नाही?"

"त्यानं आईची शपथ घातली होती. तुला तर सांगायचंच नाही म्हणाला."

किनाऱ्यावर वाळूत आमच्या सावल्या पडत होत्या, इतकं चांदणं होतं. वाट पाण्याखाली गेली होती. पी नोई गुडघाभर पाण्यात बॅटरी घेऊन उभी होती. तिचा नवरा होडीचं इंजिन सुरू करायच्या खटपटीत होता, पण खडकांमुळं त्याला लांबून वळसा घालून जावं लागणार होतं. आम्ही हाका मारल्या. पलीकडून काही आलं नाही.

मी कपड्यांसकट पाण्यात शिरलो. आधी कमरेपर्यंत, मग छातीपर्यंत, मग वाळू लागेना तसा पोहायला लागलो. पंचगंगेत शिकलेलं पोहणं, शांत पाण्यातलं. इथं पाणी एका अंगाला ओढत होतं. मला आठवतं ते एवढंच, की मी सारखा त्याच्या आईचा चेहरा डोळ्यांपुढून घालवायला बघत होतो.

तो खडकाला पाठ लावून बसला होता. चंद्र बरोबर त्याच्या तोंडावर होता. मी त्याच्यापासून दहा-बारा फुटांवर उभा होतो, आणि तो माझ्या उजव्या बाजूला, रिकाम्या पाण्याकडं बघत होता.

"कोण?" तो म्हणाला.

"मी."

"सुज्या? एकटाच?"

"हं. होडी येतेय मागून. हाका मारल्या, ऐकू आल्या नाहीत?"

"आल्या. मीपण ओरडलो, पण आवाजच बसलाय. मघापासून ओरडतोय." त्यानं घसा खाकरला. "थोडा वेळ इथंच बसलो, तेवढ्यात दिसायचं बंद झालं. मग दोनदा जाऊन आलो. पायाखाली वाळू होती, मग नव्हती. दुसऱ्यांदा नाकातोंडात पाणी गेलं. मग परत यायला खडक सापडेना. सापडला कसातरी."

त्याचे दोन्ही गुडघे सोलले होते आणि तळपाय चिरला होता. मी माझा शर्ट काढून पायाला बांधला.  बांधून झाल्यावर काय करायचं ते सुचेना, म्हणून मी त्याच्या शेजारी बसलो. आणि मग मी बोललो.

"तू थांब म्हणालास ते मला ऐकूच आलं नाही रे. लाटांचा आवाज होता."

त्यानं पायावरची गाठ चाचपली.

"हां," तो म्हणाला. "आवाज होता खरा."

होडीच्या इंजिनाचा आवाज लांबून यायला लागला. मी विचारलं, "सांगितलं का नाहीस?"

"सांगून काय? पहिल्या दिवसापासून हात धरून चालला असतास." तो माझ्या दिशेनं वळला. "घरी आता माझ्यावर कोण चिडत नाही, सुज्या. बारावीला नापास झालो तेव्हा बाबांनी पट्ट्यानं मारलं होतं मला. आता पाहुण्याशी बोलावं तसं बोलतात. आई ताटात काय कुठं वाढलंय ते सांगते. परवा बारमध्ये तू मला गाढव म्हणालास ना, खोलीवर जाऊन मी तौफिकला म्हणालो, लई दिवसांनी कोणीतरी मला माणसात धरलं."

होडी आली. पी नोई तिच्या भाषेत त्याला रागावली, मग पंच्यात गुंडाळलं, मग गरम पेज पाजली. तौफिक माझ्याशी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बोलला नाही. नंतर बोलला.

पौर्णिमेला मला वाटलं होतं की आता जाणं नको. शीतलनंच विषय काढला.

"कशासाठी आलोय इथं?" तो म्हणाला. "पायाला पट्टी बांधा आणि चला."

त्या किनाऱ्यावर इतकी माणसं होती की वाळू दिसत नव्हती. कानांत नुसता धबधबा. शीतलनं रिकामी बादली उलटी घातली, गुडघ्यांत धरली आणि तिच्यावर हलगी सुरू केली. आमच्या मिरवणुकीतला ठेका, तोच, चढत जाणारा. आधी दोन पोरं थांबली, मग दहा, मग रिंगण झालं. पाओलाही आली. आणि पाचवीपासून ज्याला कधी पाय हलवताना बघितलं नव्हतं तो तौफिक मध्ये उतरला आणि नाचला, डोळे मिटून, पासपोर्टच्या पिशवीसकट. मग शीतलनं बादली एका कोरियन पोराकडं दिली आणि तोही उतरला. हात पसरून, कोणाला न धरता. तो दोनदा पडला. माझे हात दोन्ही वेळा पुढं जायला निघाले आणि मी ते मागं घेतले. तो आपणच उठला, वाळू झाडली आणि पुन्हा नाचायला लागला. त्या रात्रीइतका आनंद मला पुढं कशाचा झाला असेल तर फक्त माझी पोरगी झाली त्याचा.

मेमध्ये माझं लग्न झालं. वरातीत शीतल नाचला. पुढं तो बोलणारा कॉम्प्युटर वापरायला शिकला, सांगलीला बँकेत लागला. बँकेतल्याच पद्मजानं त्याच्याशी लग्न केलं, तिच्या घरच्यांच्या नाकावर टिच्चून. त्यांना रिद्धी नावाची मुलगी झाली. तिचा चेहरा त्यानं दोनेक वर्षं तरी नीट बघितला, समोर धरून, एकेक भाग. मग तेही गेलं. तौफिक मस्कतला आहे. दर शुक्रवारी तिघांचा फोन असतो.

बेटाची गोष्ट शीतल सगळीकडं सांगायचा. माझ्या लग्नात, त्याच्या लग्नात, बँकेच्या सहलीला. तो ती इतकी रंगवायचा की लोक पोट धरून हसायचे. त्याच्या गोष्टीत तो स्वतः माशाच्या प्रेमात पडलेला येडा, आणि मी मगरीसारखा पाणी कापत आलेला हिरो. त्यात एक वाक्य कायम असायचं: "मीच याला म्हणालो, तू हो पुढं." मी ते वाक्य दरवेळी ऐकायचो आणि हसायचो.

गेल्या डिसेंबरात मी सांगलीला त्याच्याकडं गेलो होतो. रविवारची दुपार, जेवणं झाली होती. रिद्धी नऊ वर्षांची आहे. ती म्हणाली, "बाबा, काकांची ती बेटाची गोष्ट सांगा."

त्यानं सांगायला घेतली. कोंबडा झाला, पाओला झाली, निळा मासा झाला. "मग मीच तुझ्या काकाला म्हणालो, तू हो पुढं—"

"नाही," मी म्हणालो.

तो थांबला.

"पुढं हो म्हणाला नव्हतास तू. थांब म्हणाला होतास. एकट्याला सोडून जाऊ नको म्हणालास. आणि ते मला ऐकू आलं होतं, शीतल."

रिद्धी एकदा माझ्याकडं, एकदा त्याच्याकडं बघायला लागली. पद्मजा दारातच उभी होती. ती आत आली, पोरीचा हात धरून तिला मागच्या खोलीत घेऊन गेली आणि दार ओढून घेतलं.

"लाटाच नव्हत्या त्या दिवशी," शीतल म्हणाला. "ताटात ओतल्यासारखं होतं पाणी. तुझी पावलं वाजत होती पाण्यात. मी मोजत होतो. हाक मारल्यावर तू चौतीस पावलं गेलास. त्याच्यापुढची ऐकू आली नाहीत."

"मग त्या रात्री बोलला का नाहीस?"

"तू पोहून आला होतास. दमला होतास. म्हटलं, आज नको, उद्या आपणहून बोलेल. उद्या बोलला नाहीस. मग म्हटलं, घरी गेल्यावर. मग म्हटलं, लग्न झाल्यावर." तो खुर्चीत पुढं सरकला. "मग मी गोष्टच बदलली. म्हटलं, त्यातनं तरी तुला तोंड फुटेल."



आणि मग तो चिडला. चौदा वर्षांत मी त्याला असं चिडलेलं बघितलं नव्हतं. आवाज चढला, मान ताठ झाली, खुर्चीच्या हातावर मूठ आपटत तो बोलायला लागला. त्या खडकावर तासभर काय काय झालं ते त्यानं मला पहिल्यांदा सांगितलं. पायाला काय काय लागत होतं, पाणी कुठल्या बाजूनं येतंय ते कसं कळत नव्हतं, घसा फुटेपर्यंत माझंच नाव कसं घेतलं. "एका पोरीबरोबर नाचायला गेलास," तो म्हणाला. "आणि वर मला लाटा सांगितल्यास. माझे डोळे गेले होते, सुज्या, कान नव्हते गेले. चौदा वर्षं त्या गोष्टीवर मला लोकांना हसवायला लावलंस. तुला एकदा नाही वाटलं, याला विचारावं?"

मी खाली मान घालून ऐकत होतो. त्याला धाप लागली, आवाज फाटला. मी उठलो.

"कुठं निघालास?" तो म्हणाला.

"पाणी आणतो तुला."

"बस खाली. अजून संपलं नाही माझं."

मी बसलो.